दिघाशीच्या तेलातलं रॉकेल

मी तेलाच्या लॅबमध्ये काम करते हे कळलं की लोक माझ्याकडे शेंगदाण्याच्या तेलाच्या बाटल्या घेऊन येतात. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी तर लग्नाच्या पंगतीत भजी माझ्या नाकापुढे धरून, ही पामतेलात तळलीत का ते सांगा, असं आचाऱ्यादेखत विचारलं होतं. मला वासावरून पामतेल ओळखता येत नाही. येत असतं तरी आचाऱ्यादेखत सांगितलं नसतं.

माझी तेलं वेगळी. गवती चहा, लवंग, पुदिना, निलगिरी, वाळा, चंदन, अशा झाडपाल्यातून आणि मुळा-लाकडातून वाफेनं काढलेली सुगंधी तेलं. साबणात, बामात, अगरबत्तीत, फरशी पुसायच्या फिनेलमध्ये जे थेंब-थेंब पडतं, ते हे. ते खरं आहे की त्यात कुणी काही ओतलंय, आणि खरं असेल तर त्यात नेमकं काय काय आहे, हे सांगायचं माझं काम. पंचवीसेक वर्षं तेच करते आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना बहुधा भेसळीच्या भयकथा हव्या होत्या. त्या आहेत माझ्याकडे भरपूर. पण दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून माणसानं भयकथा कशाला वाचायच्या? त्यापेक्षा मी माझी आवडती भेसळ सांगते.

आमची लॅब भिवंडीजवळ शेलारला, एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. खाली लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी, मागे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड. लूम चालू असल्या की आमचा नाजूक काटा शेवटच्या आकड्यावर थरथरत राहतो, म्हणून वजनाची कामं आम्ही शिफ्ट बदलताना जरा शांतता होते तेव्हा उरकतो. बाहेरच्यांना वाटतं, काय मज्जा, दिवसभर सुगंधात. प्रत्यक्षात चंदन, लवंग, पुदिना आणि स्पिरिट एकत्र झालं की सगळ्याचा मिळून सर्दीच्या बामासारखा वास येतो. मी घरी आले की अप्पा, म्हणजे माझे वडील, पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, आज लवंग होती वाटतं. अप्पा गणिताचे मास्तर. निवृत्त झाले तरी उत्तर तपासायची सवय गेली नव्हती.

तेल तपासायचं म्हणजे काय करायचं? पहिली पाळी नाकाची. पण नाक भोळं असतं. एक ओळखीचा वास जोरात आला की ते बाकीच्यांकडे बघतच नाही. मग टिपकागद. सुगंधी तेलाचा थेंब कागदावर टाकून ठेवला की ते सगळंच्या सगळं उडून जातं, कागद कोरा होतो. त्यात खायचं तेल मिसळलेलं असेल तर ते उडत नाही, भज्याच्या कागदासारखा डाग मागे राहतो. मग घनता, मग तेलातून प्रकाश किती वाकतो ते बघायचं. आणि शेवटी आमची महाराणी, जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र. तिच्या पोटात केसाइतकी बारीक पोकळी असलेली एक लांबच लांब नळी वेटोळं करून ठेवलेली असते. तेलाची वाफ करून त्या नळीत सोडायची. तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, पन्नास-शंभर पदार्थांची वरात असते. त्यातले हलके, चपळ असतात ते पुढे पळतात, जड असतात ते रेंगाळत येतात. जो जो बाहेर पडतो त्याचा स्क्रीनवर एक डोंगर उमटतो. जास्त असेल तर उंच, कमी असेल तर बुटका. त्या डोंगराला आम्ही इंग्रजीतून 'पीक' म्हणतो. शेतकऱ्यांशी बोलताना या शब्दानं आजवर पुष्कळ घोटाळे केलेत.

एक सांगायला हवं. शुद्धता प्रत्येकालाच हवी असते असं नाही. लूमचे एक मालक एकदा मखमली डबीतली अत्तराची कुपी घेऊन आले. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेलं उदाचं, म्हणजे अगरूच्या लाकडाचं, अत्तर. "मॅडम, सिर्फ इतना बताओ, असली है कि नहीं." मी एक थेंब जीसीवर चालवून पाहिला. असली म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, पातळ करायचं बिनवासाचं रसायन आणि त्यात कारखान्यातला वास. रिपोर्ट टाइप करण्याआधी मी विचारलं, हा रिपोर्ट दाखवायचा कुणाला आहे?  त्यांनी कुपीचं झाकण घट्ट लावलं, ती डबीत ठेवली आणि म्हणाले, "रहने दो. लड़की वहाँ खुश है." पैसे देऊन, रिपोर्ट न घेता गेलेलं माझं ते एकमेव गिऱ्हाईक. मला ते फार शहाणे वाटले.

आता दिघाशीचं.

दिघाशी गावचे मोरेश्वर पाटील पहिल्यांदा आले तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट, आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली तपकिरी काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. हे बघूनच मी खूश झाले. नमुना तपकिरी बाटलीत, गळ्यापर्यंत भरून आणा, म्हणजे त्याला ऊन आणि हवा लागत नाही, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतून अर्धं तेल घेऊन येतो. या माणसानं ऐकलं होतं.

त्यांनी भाताच्या थोड्या जमिनीत गवती चहा लावला होता आणि घरामागे तेल काढायची छोटी भट्टी बसवली होती. पडघ्याला एका साबणवाल्याचं गोडाऊन होतं. तो म्हणाला होता, लॅबचा रिपोर्ट आणा, मी पुढच्या वर्षीचं सगळं तेल घेतो. त्या भरवशावर मोरेश्वरांना उरलेल्या भाताच्या खाचरातही गवत लावायचं होतं. त्यांचं बघून गावातल्या आणखी काही घरांनी लावलं होतं. बोलणं मोजकं. पावती घेतली, डबा काखेत मारला आणि निघाले.

बाटली उघडली तर वास सुरेख. लिंबासारखा, पण लिंबाहून गोड. नाकानं लगेच पास केली. जीसीवर चढवली. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा पदार्थ पाऊण हिश्श्याच्या आसपास हवा, त्याचे दोन उंच डोंगर शेजारी शेजारी येतात. ते आले. पण त्यांच्या आजूबाजूला, ठरावीक अंतरावर, एकसारखे बारीक डोंगर उभे होते. फणीच्या दातांसारखे. झाडपाला इतक्या शिस्तीत कधीच काही बनवत नाही. हे दात एकाच वस्तूचे असतात. रॉकेल.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. तपकिरी बाटली, टॉवेल, गळ्यापर्यंतची बटणं, आणि आत रॉकेल. नापासाचा रिपोर्ट घ्यायला मोरेश्वर आले तेव्हा मी जरा कडक आवाजात सांगितलं, की पाटील, तुमच्या तेलात नको ती पिकं आलीत. ते म्हणाले, तण असेल, आम्ही निवडून घेतो. मग मी नीट समजावलं. रॉकेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की माझा कडकपणा तिथेच गळाला. भट्टीला लाकूड जाळतो, रॉकेल घरात नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कॅन आधी रॉकेलचा असेल का, असं मीच सुचवलं. त्यांना ते पटलं. जाताना आमच्या शिपायालाही नमस्कार करून गेले.

महिन्याभरात दुसरी बाटली आली. सगळे कॅन नवे घेतले होते, भट्टी गरम पाण्यानं धुऊन काढली होती. जीसीवर तेल स्वच्छ. फणी गायब, सिट्रल ऐटीत. आमचे साहेब, दातार सर, स्क्रीनवर वाकून म्हणाले, चला, सुटला बिचारा, देऊन टाका. दातार सर भला माणूस, पण लॅब चालवायची म्हणजे नमुने वेळेत सुटायला हवेत, ही त्यांची काळजी. मी देणारच होते. फक्त टिपकागदाची पाळी राहिली होती आणि ती सोडायची मला सवय नाही. थेंब टाकला, कागद टाचणीला टांगला. दुसऱ्या दिवशी बघते तर गोल, तुळतुळीत डाग.

खायचं तेल जीसीत उडतच नाही, तोंडाशीच चिकटून बसतं, म्हणून तिला ते दिसलं नव्हतं. अल्कोहोलमध्ये थोडं तेल घालून पाहिलं, ते दुधासारखं गढूळ झालं. कागदाचा वास घेतला. सुगंध उडून गेल्यावर मागे जो वास उरला होता तो माझ्या ओळखीचा होता. शनिवारी संध्याकाळी डोक्याला लावायचं खोबरेल.

या वेळी मोरेश्वर बसले नाहीत. टेबलाशी उभं राहून, आवाज अजिबात न चढवता बोलले.

"मॅडम, रॉकेल म्हणालात, मी कॅन बदलले. आता खोबरेल म्हणता. पुढच्या वेळी काय, तूप?"

मी कागद दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. साबणवाल्यानं गोडाऊनमधले त्यांचे कॅन उचलून न्यायला सांगितलं होतं. गवत लावलेली घरं रस्त्यात भेटली तर बोलत नव्हती. भेसळवाला हा शब्द गावात कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण मोरेश्वर आले की विषय बदलत होता. मला वाटलं होतं की नापास म्हटल्यावर चिडणारा माणूस खोटा असतो. अनुभव तसाच होता. पण हा माणूस चिडला नव्हता. तो हरला होता, आणि कशापुढे हरतोय हेच त्याला कळत नव्हतं.

"तुम्हीच या एकदा," ते म्हणाले. "भट्टीतून तुमच्या हातानं घ्या."

तशी सोय आमच्याकडे आहेच, नमुना जागेवर जाऊन घ्यायची. दातार सरांनी परवानगी दिली, वर मला बाजूला घेऊन म्हणाले की दोन वेळा नापास झालेल्या माणसाचं जेवण जेवू नका, लोक बोलतात. मी बरं म्हटलं.

दिघाशीला जाऊन मला पहिला धक्का बसला तो माझ्याबद्दलचाच. इतकी वर्षं मी तेलं तपासत होते आणि तेल निघताना कधी पाहिलंच नव्हतं. माझ्यासाठी तेल म्हणजे बाटलीवरचा नंबर. इथे एक भलीमोठी टाकी होती, तिच्यात गवत पायानं दाबून भरत होते, खालून वाफ सोडत होते. ती वाफ नळीतून गार पाण्याच्या हौदात जात होती आणि पलीकडे एका भांड्यात थेंब-थेंब पडत होती. भांड्यात खाली पाणी, वर पिवळं, चमकतं तेल. आणि वास! अंगणात, झाडांना, कुत्र्याला, माझ्या साडीला, सगळ्याला तो वास. मला गरगरल्यासारखं झालं, पण फार छान गरगरल्यासारखं. मी उगाचच हसत होते. मोरेश्वरांना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी आणवलं. पाण्यालाही तोच वास.

मी माझ्या हातानं नमुना घेतला, सील केलं. घरात त्यांनी एरवीसारखी भरून ठेवलेली बाटलीही मागून घेतली. दोन्ही शेजारी शेजारी तपासल्या की घोटाळा भट्टीत होतो की नंतर, ते कळणार होतं.

हे सगळं ओट्यावर बसून एक म्हातारी बघत होती. मोरेश्वरांची आई, चांगुणाबाई. गुडघ्याशी कसलेलं लुगडं, सत्तरी उलटलेली, डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे. तिनं मला हाक मारून जवळ बसवलं आणि तुमची मशीन करते काय, ते विचारलं. मी काडीनं मातीत रेघ ओढली, तिच्यावर डोंगर काढले, यांना पिकं म्हणतात असं सांगितलं. तिनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, पीक म्हंजे भात, नागली. हे तर नुसते डोंगर हायत. मग माझ्या हातातली काडी काढून घेतली.

"बाय, तुजी मशीन मानूस बघून बोलते का?"

मी म्हटलं, मशीनला माणूस दिसतच नाही, बाटलीवर फक्त नंबर असतो.

"आन तू?"

 पहिल्या बाटलीच्या वेळी शर्टाची बटणं बघून मी भाळले होते, हे मला आठवलं. मी म्हटलं, माणूस दिसतो मला, पण लिहिते बाटलीतलंच. ती उठली आणि तिनं पान वाढायला सांगितलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. दातार सरांचा सल्ला मला दुसऱ्या भाकरीला आठवला.

दोन्ही बाटल्या लॅबमध्ये शुद्ध निघाल्या. टिपकागद कोरा, अल्कोहोल नितळ, फणी नाही. दातार सरांना हे जास्तच संशयास्पद वाटलं. म्हणाले, माणूस हुशार झालाय, आता कारखान्यातलं सिट्रल आणून घातलं असेल. शंका वाजवी होती. ते असं घातलं तर दोन उंच डोंगर झोकात दिसतात आणि टिपकागदही कोरा राहतो. पण कारखान्याचं सिट्रल एकटं येतं. गवतातलं सिट्रल सगळं गणगोत घेऊन येतं, पुढे चार, मागे सहा, बारीक बारीक डोंगर, ज्यांची नावंही कुणी विचारत नाही. मी ते एकेक करून मोजले. सगळे आले होते, आपापल्या जागी. पुन्हा चालवलं. पुन्हा आले. मी रिपोर्टवर शुद्ध लिहून सही केली. सही करताना माझा हात, खरं सांगते, जरा नाचलाच.

रिपोर्ट घ्यायला मोरेश्वर आले ते आईला घेऊन. पुढे चांगुणाबाई, मागे मोरेश्वर, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. जिना चढून आल्यावर तिनं आधी दम घेतला, मग दातार सरांच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली,

"रॉकेल मीच घातलं. खोबरेल पन मीच. पोराला कायच ठावं न्हवतं, आज सकाळी सांगितलं."



झालं होतं ते असं. आधीच्या वर्षी मोरेश्वरांनी दुसऱ्या एका लॅबमध्ये तेल पाठवलं होतं. चांगुणाबाईंनी गुपचूप त्या बाटलीच्या बुचाला आणि गळ्याला मिळून बारीक दोऱ्याची गाठ मारली, बूच काढलं तर तुटेल अशी. रिपोर्ट आला, शुद्ध, शिक्का वगैरे. बाटलीही परत आली. गाठ जशीच्या तशी. बाटली कुणी उघडलीच नव्हती. पोरगा रिपोर्ट हातात घेऊन आनंदला होता, म्हणून ती तेव्हा गप्प बसली. पण नंतर तो भाताच्या खाचरात गवत लावायचं म्हणू लागला, तेही लॅबच्या शब्दावर. तिनं ठरवलं, ही नवी लॅब तरी बाटली उघडते का बघू. रेशनचं रॉकेल बंद झालं त्या काळातला एक कॅन तिनं माळ्यावर जपून ठेवला होता. त्यातलं पळीभर पहिल्या बाटलीत गेलं. ते आम्ही पकडलं, तेव्हा तिला वाटलं वासावरून पकडलं असेल, म्हणून दुसऱ्यांदा खोबरेल. तेही पकडलं. मग तिला तिसरीच शंका आली: आता या पोराला ही लोकं चोरच समजणार, याचं चांगलं तेल पन नापास करणार. म्हणून तिसऱ्या बाटलीला तिनं हात लावला नाही, आणि मला जवळ बसवून ते प्रश्न विचारले.

मी हसायला लागले. थांबताच येईना. दातार सरांनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग तेही टेबलावर हात आपटून हसू लागले. हसत नव्हते ते फक्त मोरेश्वर.

"आई, गावात माझं नाव गेलं," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी मान वळवली नाही. "नाव गेलं तं मीच परत आनीन. खाचर गेलं असतं तं कुनी आनलं असतं?"

आणि तिनं नाव परत आणलंच. तिथून ती थेट पडघ्याला गेली आणि साबणवाल्याच्या गोडाऊनमध्ये, हमाल आणि ट्रकवाले ऐकत असताना, सगळी कथा पळीच्या मापासकट सांगितली. साबणवाला तिच्या पाया पडला, असं मोरेश्वर सांगतात. ट्रकवाल्यांनी ती गोष्ट पार नाशिकपर्यंत पोचवली. खाचरात गवत लागलं. मोरेश्वर मात्र काही दिवस आईशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

हे सगळं त्यांनी मला कसं सांगितलं? कारण ते येत राहिले. आधी माफी मागायला आले. मग तुळशीचं तेल घेऊन आले, सहज काढून पाहिलं म्हणाले. मग लिंबाच्या पानांचं. मग आल्याच्या पाल्याचं, ज्याचं तेल जगात कुणीच विकत घेत नाही. प्रत्येक वेळी तपकिरी बाटली, टॉवेल, डबा. प्रत्येक वेळी रीतसर फी भरून पावती. त्यांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. लग्नाचं वय, मग अप्पांची आजारपणं, मग सवय, अशा क्रमानं ते राहून गेलं होतं आणि मला त्याचं फारसं काही वाटेनासंही झालं होतं. निदान मी तसं समजत होते.

पण आता मी पिपेट धुताना गुणगुणू लागले. दुपारी गेटवर गाडीचा हॉर्न वाजला की मला काचेजवळच काहीतरी काम निघायचं. ठेवणीतली मोरपंखी साडी मी नेमक्या आल्याच्या पाल्याच्या दिवशी नेसले. दातार सर काळजीत पडले. स्पिरिटच्या वाफा नाकातोंडात गेल्या की माणसं अशी विनाकारण हसतात, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी माणूस बोलावून माझ्या टेबलावरचा एक्झॉस्ट फॅन तपासून घेतला. फॅन उत्तम होता.

आल्याच्या पाल्याचा निकाल मी फोनवर सांगितला. त्यात काय काय निघालं, ते एकेक नाव वाचून दाखवलं. मोरेश्वर प्रत्येक नावाला हं म्हणत होते. यादी संपली. फोन ठेवायची वेळ झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि रविवारी मी मोकळी आहे."

 मग ते म्हणाले, "रविवारी भट्टी चालू असते."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी बरं बरं म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात ते पुढे बोलले.

"तुम्ही येणार असलात तर बंद ठेवतो."

मी म्हटलं, बंद कशाला, चालू असतानाच येते.

अप्पांना सांगायची मला धास्ती होती. त्यांना एकटं कसं ठेवायचं, जात वेगळी, वय हे असं, मी सगळी उत्तरं तयार करून गेले होते. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, हल्ली रोज तुझ्या अंगाला गवती चहाचाच वास येतो, तेव्हाच मी उत्तर काढलं होतं, तू पायऱ्या कधी मांडतेस एवढंच बघत होतो. आळीत आठवडाभर कुजबुज झाली, दिघाशीत पंधरा दिवस. मग दोन्हीकडची माणसं एकाच मांडवात जेवली आणि भजी कशात तळली आहेत ते कुणी विचारलं नाही. अप्पा आमच्याबरोबर दिघाशीला आले. पहिले कितीतरी दिवस त्यांना झोप लागेना. भिवंडीत जन्म गेलेला माणूस, लूमच्या खडखडाटाशिवाय त्यांना कसंतरीच होई. शेवटी चांगुणाबाईंनी त्यांना सकाळी भट्टीच्या लाकडांचा हिशेब ठेवायला बसवलं. दमून झोपू लागले.

एक हुरहुर मात्र राहिली. लग्न ठरल्यावर मीच दातार सरांकडे जाऊन सांगितलं की आता दिघाशीची बाटली आपल्या लॅबमध्ये घ्यायची नाही. घरचं तेल आणि घरचीच सही, हे बरोबर नाही. त्यांनाही ते पटलं. आमचं तेल आता दुसरीकडे तपासायला जातं. शेलारला मी अजून जाते, इतरांच्या बाटल्या उघडते, टिपकागद टांगते. पण आयुष्यातलं सगळ्यात लाडकं तेल माझ्या टेबलावर पुन्हा कधी येणार नाही, हे पहिल्यांदा जाणवलं त्या दिवशी मी एक कोरा टिपकागद उगाचच टाचणीला टांगून ठेवला होता.

लग्नानंतरच्या हंगामातल्या पहिल्या खेपेची गोष्ट. भट्टी पेटली होती, मोरेश्वर टाकीवर चढून गवत दाबत होते. भांड्यात तेल जमायला लागलं तशी चांगुणाबाईंनी त्यातले दोन थेंब आपल्या तळहातावर घेतले, हात माझ्या नाकापुढे धरला आणि विचारलं,

"कसं हाय?"

माझ्या डोक्यात सवयीनं यंत्रं सुरू झाली. सिट्रल किती असेल, घनता किती, आत आणखी काही आहे का. मग मी ती बंद केली आणि नुसताच वास घेतला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही रिपोर्टवर जो शब्द मला लिहिता आला नव्हता, तो मी तिला सांगितला.

"छान आहे."